अरबी ‘नाय’ : नऊ कांड्यांच्या बासरीची घडण

अरब जगताच्या अभिजात संगीतात फुंकून वाजविण्याचे एकच वाद्य प्रामुख्याने वापरले जाते. ते म्हणजे ‘नाय’. नदीकाठी उगवणाऱ्या नळाचा एक तुकडा, त्यात आरपार केलेली पोकळी, पुढील बाजूस सहा आणि मागील बाजूस अंगठ्यासाठी एक अशी सात छिद्रे, एवढीच या वाद्याची सामग्री आहे. त्याला सनईसारखी पत्ती नसते, पाश्चात्त्य बासरीसारख्या धातूच्या कळा नसतात आणि अरबी पद्धतीत वेगळे मुखही जोडलेले नसते. वादक नळीच्या वरच्या उघड्या कडेवर तिरका श्वास सोडतो आणि नाद उमटतो.

साधन इतके साधे असले तरी चांगली नाय घडविणे हे अत्यंत कठीण काम मानले जाते. नळ ही निसर्गाची निर्मिती आहे. त्याची जाडी, गाठींतील अंतर आणि भिंतीची घनता कारागिराच्या हाती नसते. एकदा पाडलेले छिद्र पुन्हा लहान करता येत नाही. त्यामुळे या कलेचा मोठा भाग हत्यार हाती घेण्यापूर्वीच, म्हणजे योग्य नळ ओळखण्यातच पार पडतो. यंत्राने एका मापाच्या नळ्या सहज तयार होतात अशा आजच्या काळात ही पारख टिकवून धरणे, हाच या परंपरेपुढील खरा प्रश्न आहे.

नावाचे कूळ

‘नाय’ हा शब्द अरबीत फारसीतून आला. फारसीत त्याचा मूळ अर्थ ‘नळ’ ही वनस्पती असाच आहे. संस्कृतातील ‘नड’ किंवा ‘नळ’ हा शब्द त्याच प्राचीन भारत-इराणी मुळाचा असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. मराठीतील ‘नळ’ आणि ‘नळी’ हे शब्द त्याच परिवारातील होत. सनई या शब्दाची व्युत्पत्ती ‘शहनाई’वरून सांगितली जाते आणि तिच्यातही हाच ‘नाय’ दडलेला आहे. वाद्य म्हणून मात्र सनई आणि नाय यांत मोठा फरक आहे. सनईचा नाद पत्तीच्या कंपनातून निघतो, तर नायचा नाद नळीच्या कडेवर दुभंगणाऱ्या हवेच्या झोतातून निघतो.

तुर्की आणि इराणी उच्चार ‘ने’ असा होतो. भारतीय उपखंडात या वाद्याच्या जवळचा नातलग म्हणजे राजस्थान, कच्छ आणि सिंधच्या वाळवंटी भागातील ‘नड’ हे लोकवाद्य. तेही उभे-तिरके धरून वरच्या कडेवर फुंकले जाते.

प्राचीन परंपरा

कडेवर फुंकण्याच्या लांब बासऱ्या मानवाच्या अतिप्राचीन वाद्यांपैकी आहेत. प्राचीन इजिप्तच्या जुन्या राजवटीच्या काळातील, म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, सक्कारा येथील थडग्यांच्या भिंतींवर अशी लांब नळी तिरकी धरून वाजविणारे वादक कोरलेले आढळतात. आजची नाय हे त्याच वाद्याचे जसेच्या तसे रूप आहे असे म्हणता येणार नाही. परंतु नळी, तिरका श्वास आणि बोटांनी झाकावयाची छिद्रे हे तत्त्व मात्र तेच आहे.

दहाव्या शतकातील तत्त्वज्ञ आणि संगीतशास्त्रज्ञ अल्-फाराबी याने आपल्या ‘किताब अल्-मूसीकी अल्-कबीर’ या ग्रंथात सुषिर वाद्यांची व त्यांच्या स्वरांची चर्चा केली आहे. पुढे तेराव्या शतकात कोन्या येथे राहणारे सूफी कवी जलालुद्दीन रूमी (१२०७-१२७३) यांच्या ‘मसनवी’चा आरंभच नळाच्या बासरीच्या विलापाने होतो. नळवनातून तोडलेला नळ आपल्या मूळ स्थानासाठी व्याकुळ होतो, ही कल्पना तेव्हापासून या वाद्याशी कायमची जोडली गेली. रूमींच्या अनुयायांच्या मेवलेवी पंथात ‘ने’ला पवित्र स्थान मिळाले. या पंथाचा ‘समा’ विधी २००८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समाविष्ट झाला.

नळाची पारख

नायसाठी वापरला जाणारा नळ ‘अरुंडो डोनॅक्स’ या शास्त्रीय नावाने ओळखला जातो. ही बांबूसारखी दिसणारी, पण बांबूहून वेगळी असलेली उंच गवताची जात आहे. भूमध्य समुद्राच्या सभोवती, नाईल नदीच्या काठी, सीरिया, लेबनॉन व तुर्कस्तानातील ओढ्या-नद्यांच्या कडेला ती विपुल वाढते. क्लॅरिनेट आणि ओबो या पाश्चात्त्य वाद्यांच्या पत्त्याही याच वनस्पतीपासून बनतात. अनुकूल परिस्थितीत तिची उंची सहा ते आठ मीटरपर्यंत जाते. तिची वाढ इतकी जोमदार आहे की जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचा समावेश आहे.

याचा अर्थ नळाचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो नायजोग्या नळाचा.

परंपरेनुसार अरबी नाय नऊ कांड्यांची असावी लागते. नळावर ठरावीक अंतराने गाठी असतात. दोन गाठींमधील भाग म्हणजे कांडे. नऊ कांड्यांच्या तुकड्यात मधल्या आठ गाठी येतात. आता सर्वाधिक प्रचारात असलेल्या ‘दुकाह’ नायची लांबी सुमारे ६८ सेंटीमीटर असते. एवढ्या लांबीत नऊ कांडी बसवायची तर प्रत्येक कांडे सरासरी साडेसात सेंटीमीटरचे हवे. भरपूर पाणी व कसदार माती मिळालेला नळ झपाट्याने वाढतो आणि त्याची कांडी लांबलचक होतात. असा नळ दिसायला देखणा असला तरी नायसाठी निरुपयोगी ठरतो. उलट रुक्ष जागी, सावकाश वाढलेल्या नळाची कांडी आखूड आणि भिंत घट्ट असते. त्यामुळे कारागीर शेकडो नळ हाताळतो आणि मोजकेच निवडतो.

भारतीय बासरीशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. आपल्याकडे मोठ्या बासरीसाठी ईशान्य भारतातील लांब कांड्यांचा, पातळ भिंतीचा बांबू पसंत केला जातो, कारण संपूर्ण बासरी शक्यतो एकाच कांड्यात, गाठ न येता बसावी अशी अपेक्षा असते. नाय घडविणाऱ्याला नेमके उलटे हवे असते. त्याला गाठी हव्या असतात, त्याही जवळजवळ समान अंतरावर.

कांड्यांच्या संख्येबरोबर आणखी काही गोष्टी पाहिल्या जातात. नळाचा व्यास वरपासून खालपर्यंत फार बदलू नये. काप गोल असावा, लंबगोल नसावा. भिंत फार पातळ असेल तर नाद विरळ होतो आणि नळी तडकण्याचा धोका राहतो. फार जाड असेल तर आतली पोकळी अरुंद होते आणि खर्जाचे स्वर दबतात. पृष्ठभागावरील उभे तंतू बारीक व दाट असतील तर तो नळ उत्तम समजला जातो. कीड लागल्याची सूक्ष्म छिद्रे, डाग किंवा उभी चीर आढळल्यास नळ तात्काळ बाद होतो.

तोडणी आणि वाळवण

नळाची तोडणी हिवाळ्यात केली जाते. त्या काळात वनस्पतीतील रसाचे प्रमाण कमी असते. रस अधिक असताना तोडलेला नळ वाळताना आक्रसतो, सुरकुततो आणि त्याला कीड लवकर लागते. कोवळा नळ टाळून पूर्ण पक्व झालेला, साधारण दोन वर्षांचा नळ घेतला जातो.

तोडलेले नळ पाने काढून सावलीत, हवेशीर जागी ठेवले जातात. थेट उन्हात घाईने वाळविल्यास बाहेरील थर आधी आक्रसतो आणि नळ फाटतो. हिरवा रंग जाऊन पिवळसर सोनेरी छटा येईपर्यंत अनेक महिने, काही वेळा एक-दोन वर्षेही, वाट पाहिली जाते. चांगला वाळलेला नळ हलका लागतो आणि बोटाने टिचकी मारल्यावर स्पष्ट, कणखर आवाज देतो. ओलसर नळाचा आवाज बद्द येतो.

सरळ करणे

निसर्गात पूर्ण सरळ नळ क्वचितच मिळतो. बहुतेक नळांना गाठीपाशी किंचित बाक असतो. तो काढण्यासाठी नळ मंद आचेवर किंवा निखाऱ्यांवर फिरवीत तापविला जातो. उष्णतेने तंतू मऊ झाले की हाताने किंवा लाकडी खाचेत अडकवून हलका दाब दिला जातो आणि नळ थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवला जातो. आच कमी पडली तर बाक परत येतो आणि जास्त झाली तर नळ करपतो. हे काम घाईने करता येत नाही. एकेका गाठीला वेगळा वेळ द्यावा लागतो.

आतील पडदे

प्रत्येक गाठीच्या ठिकाणी नळाच्या आत एक आडवा पडदा असतो. हवेला मार्ग मिळण्यासाठी हे सर्व पडदे फोडावे लागतात. पारंपरिक पद्धतीत लांब लोखंडी सळई तापवून लाल केली जाते आणि ती नळातून एकेक पडदा जाळीत पुढे सरकवली जाते. त्यानंतर गोल कानस अथवा सळईला गुंडाळलेल्या काचकागदाने आतील कडा घासून गुळगुळीत केल्या जातात. आत राहिलेला एखादा तुकडा किंवा खरबरीत कडा श्वासाच्या वाटेत आली तर स्वर फाटतो.

मात्र हे पडदे किती साफ करावयाचे याला मर्यादा असते. अनेक कारागीर सर्वात वरच्या गाठीचे छिद्र इतरांपेक्षा थोडे अरुंद ठेवतात. श्वास प्रथम तेथून जातो. ही किंचित आकुंचित वाट वरच्या सप्तकातील स्वर सहज उमटण्यास मदत करते. ती फार अरुंद राहिली तर खर्ज क्षीण होतो आणि फार रुंद केली तर वरचे स्वर निसटतात. या एका गाठीवर वाद्याचा स्वभाव बराचसा ठरतो.

सव्वीस भागांचे गणित

छिद्रांच्या जागा ठरविण्याची एक जुनी आणि सर्वश्रुत रीत आहे. नळीची एकूण लांबी २६ समान भागांत विभागली जाते. खालच्या टोकापासून मोजल्यास पुढील बाजूची छिद्रे ४, ५, ६ आणि ८, ९, १० या खुणांवर येतात. मागील अंगठ्याचे छिद्र १३ व्या खुणेवर, म्हणजे बरोबर मध्यावर येते.

उदाहरणार्थ, ६८ सेंटीमीटरच्या नायमध्ये एक भाग सुमारे २.६ सेंटीमीटरचा होतो. त्यानुसार खालच्या टोकापासून पहिले छिद्र सुमारे साडेदहा सेंटीमीटरवर, दुसरे १३ वर आणि तिसरे साडेपंधराच्या किंचित पुढे येते. नंतर एक भाग मोकळा सोडून चौथे छिद्र सुमारे २१ सेंटीमीटरवर, पाचवे साडेतेवीसवर आणि सहावे २६ वर पडते. अंगठ्याचे छिद्र ३४ सेंटीमीटरवर असते. तीन-तीन छिद्रांचे दोन गट आणि मध्ये मोकळी जागा, ही रचना दोन्ही हातांच्या बोटांना सोयीची आहे.

तार आणि नळी यांतील एक महत्त्वाचा भेद येथे दिसून येतो. तार बरोबर मध्यावर दाबली तर वरच्या सप्तकातील षड्ज मिळतो. नायच्या मध्यावर छिद्र असूनही ते उघडल्यावर मिळणारा स्वर मूळ स्वराच्या सप्तकापेक्षा खाली राहतो. छिद्र नळीच्या व्यासापेक्षा बरेच लहान असते आणि ओठांनी वरचे तोंड अंशतः झाकलेले असते. त्यामुळे हवेचा स्तंभ प्रत्यक्ष मोजमापापेक्षा लांब असल्यासारखा वागतो. सव्वीस भागांचा नियम हा अशा अनुभवातून आलेला आहे आणि नळीचा व्यास विशिष्ट प्रमाणात असेल तरच तो चपखल बसतो. म्हणून जाणता कारागीर या खुणांना आरंभ मानतो आणि पुढील निर्णय कानावर सोडतो.

छिद्रे पाडणे आणि स्वर जुळविणे

खुणा केल्यावर छिद्रे प्रथम लहान आकाराची पाडली जातात. यासाठी तापविलेली टोकदार सळई किंवा गिरमिट वापरतात. तापलेल्या सळईमुळे कडेचे तंतू उसवत नाहीत आणि चीर पडण्याचा धोका कमी होतो. त्यानंतर खालच्या छिद्रापासून क्रमाने एकेक स्वर वाजवून पाहिला जातो.

स्वर उतरलेला वाटला तर छिद्र कानसीने थोडे रुंद करतात. रुंदी वाढली की स्वर चढतो. छिद्राची फक्त वरची कड घासली तरीही स्वर चढतो, कारण छिद्र वादकाच्या मुखाच्या जवळ सरकते. याच्या उलट दिशेने जाण्याची सोय मात्र जवळजवळ नाही. स्वर चढा झाला तर मेण भरून तात्पुरती दुरुस्ती करता येते, पण तशी नाय चांगल्या वादकाच्या संचात टिकत नाही. म्हणून कानस दोन-चार वेळाच फिरवायची, फुंकून पाहायचे, आणि मग पुन्हा कानस हाती घ्यायची, असा क्रम चालतो.

येथे अरबी संगीताची एक खास गरज पूर्ण करावी लागते. मकाम पद्धतीत शुद्ध आणि कोमल यांच्या मधोमध राहणारे स्वर महत्त्वाचे आहेत. ‘रास्त’, ‘बयाती’ आणि ‘सीगाह’ या प्रमुख मकामांची ओळखच अशा मधल्या स्वरांवर उभी आहे. मराठी रसिकाला आपल्या श्रुतींच्या आणि अतिकोमल स्वरांच्या चर्चेवरून याची काहीशी कल्पना येऊ शकेल. हे सर्व स्वर सात छिद्रांतून थेट मिळत नाहीत. वादक छिद्र अर्धवट झाकतो, मान किंचित वळवून ओठ व कडा यांतील कोन बदलतो किंवा श्वासाचा जोर कमी-अधिक करतो. या हालचालींनी स्वर अर्ध्या स्वराइतका किंवा त्याहूनही अधिक सरकू शकतो. चांगल्या नायमध्ये ही लवचिकता असावी लागते. प्रत्येक छिद्र आपल्या स्वराला घट्ट पकडून बसले तर ते वाद्य मकामाच्या कामाचे राहत नाही.

मुखाची धार, तेल आणि दोरा

नायच्या वरच्या टोकाची कड बाहेरून तिरकी घासून धारदार केली जाते. हवेचा झोत याच धारेवर दुभंगतो. धार बोथट असेल तर नादात हवेची सळसळ अधिक येते. फार पातळ असेल तर ती लवकर झिजते आणि ओठालाही टोचते.

यानंतर नळीला आतून तेल दिले जाते. तिळाचे किंवा बदामाचे तेल यासाठी वापरण्याची प्रथा आहे. तेलामुळे श्वासातील ओलावा एकदम शोषला जात नाही आणि नळ कोरडा पडून तडकत नाही. वापरातील नायला हे तेल वेळोवेळी द्यावे लागते. तडा जाऊ नये म्हणून काही ठिकाणी घट्ट दोरा गुंडाळला जातो. तुर्की परंपरेत दोन्ही टोकांना धातूची कडी बसवितात. हवामान बदलले की नळ फुगतो किंवा आक्रसतो. म्हणून वादक आपली नाय थेट उन्हापासून आणि वातानुकूलित कोरड्या हवेपासून जपतात.

एक नव्हे, अनेक नाय

एका नायवर सुमारे तीन सप्तकांचा विस्तार मिळतो. श्वासाचा जोर वाढवला की त्याच बोटांवर प्रथम वरचे सप्तक, नंतर त्याच्याही वरचा पंचम असे स्वर उमटत जातात. परंतु प्रत्येक नाय एका ठरावीक स्वरपट्टीतच सहज वाजते. गायकाची पट्टी किंवा मकाम बदलला की नाय बदलावी लागते. म्हणून व्यावसायिक वादक वेगवेगळ्या लांबीच्या सात किंवा त्याहून अधिक नायचा संच बाळगतो.

या नायची नावे अरबी स्वरांच्या नावांवरून पडली आहेत. ‘रास्त’, ‘दुकाह’, ‘जहारकाह’, ‘नवा’, ‘हुसैनी’ ही त्यांपैकी काही. ‘दुकाह’, ‘सीगाह’, ‘जहारकाह’ ही नावे मुळात फारसी असून त्यांचा अर्थ अनुक्रमे दुसरे, तिसरे आणि चौथे स्थान असा आहे. लांबी जितकी कमी तितका स्वर उंच. संचातील सर्व नाय एकाच स्वभावाच्या असाव्यात अशी अपेक्षा असल्याने, संच तयार करणे हे एक वाद्य घडविण्यापेक्षा कितीतरी पटींनी अवघड ठरते. प्रत्येक लांबीसाठी वेगळ्या जाडीचा, पण नऊच कांड्यांचा नळ शोधावा लागतो.

तीन परंपरा, तीन मुखे

अरबी, तुर्की आणि इराणी बासऱ्या एकाच नळापासून बनत असल्या तरी त्यांच्यात ठळक भेद आहेत. तुर्की ‘ने’ही नऊ कांड्यांची असते. मात्र तिच्या वरच्या टोकावर ‘बाशपारे’ नावाचे शिंगाचे, लाकडाचे किंवा अलीकडे प्लॅस्टिकचे शंकूच्या आकाराचे मुख बसविले जाते. अरबी नायमध्ये ते नसते. ओठ थेट नळाच्या कडेला लागतात.

इराणी ‘ने’ सात कांड्यांची असते आणि तिला पुढे पाच व मागे एक अशी सहा छिद्रे असतात. तिच्या मुखाशी पितळेची लहान नळी बसविलेली असते. ती वरच्या दातांमध्ये अडकवून, जिभेच्या साहाय्याने श्वास वळवून वाजविली जाते. इस्फहानचे हसन कसाई (१९२८-२०१२) हे या पद्धतीचे विसाव्या शतकातील थोर वादक मानले जातात. इजिप्तच्या लोकसंगीतातील ‘कवला’ ही नायची धाकटी बहीण म्हणता येईल. तिला सहा छिद्रे असतात, अंगठ्याचे छिद्र नसते.

आधुनिक काळ आणि स्वरांचा प्रश्न

पारंपरिक अरबी वाद्यमेळाला ‘तख्त’ म्हणतात. त्यात औद, कानून, व्हायोलिन आणि रिक्क या वाद्यांसोबत नाय असते. विसाव्या शतकात कैरोमध्ये हा लहान मेळ वाढत जाऊन मोठ्या वाद्यवृंदात रूपांतरित झाला. सुप्रसिद्ध गायिका उम्म कुलसूम (निधन १९७५) यांच्या वाद्यवृंदातही अनेक व्हायोलिनांच्या जोडीला नायचे स्थान कायम राहिले.

१९३२ मध्ये कैरो येथे अरबी संगीताची ऐतिहासिक परिषद भरली. बेला बार्टोक, पॉल हिंडेमिथ, कुर्ट झाक्स यांसारखे युरोपीय संगीतकार व अभ्यासक तिला उपस्थित होते. सप्तकाचे २४ समान भाग करावेत का आणि पियानोसारखी युरोपीय वाद्ये अरबी संगीतात आणावीत का, हे तेथील वादाचे मुख्य विषय होते. या वादाचा नायशी थेट संबंध आहे. पियानोची पट्टी एकदा बांधली की स्वर स्थिर होतो. नायमधील मधला स्वर मात्र मकामानुसार, प्रदेशानुसार आणि कधी कधी त्या क्षणाच्या भावानुसार थोडा वर-खाली होतो. मोठ्या वाद्यवृंदांनी आणि ध्वनिमुद्रणाने निश्चित स्वराची मागणी वाढविली. परिणामी नाय घडविणाऱ्यालाही आपल्या कानाच्या जोडीला स्वरमापक यंत्र ठेवावे लागले.

यंत्राने अचूकता आली हे निश्चित. वेगवेगळ्या देशांतील वादकांना एकत्र वाजविणे त्यामुळे सोपे झाले. परंतु केवळ यंत्रावरील काटा पाहून पाडलेले छिद्र पट्टीत बरोबर येऊनही मकामात कोरडे वाटू शकते. म्हणून अनुभवी कारागीर अंतिम कसोटी वादकाच्या ओठांवरच लावतात.

आजची स्थिती

विद्यार्थ्यांसाठी आज प्लॅस्टिकच्या नळ्यांपासून बनविलेल्या नाय उपलब्ध आहेत. त्या स्वस्त असतात, तडकत नाहीत आणि एकसारख्या मापाच्या असतात. प्रारंभीच्या सरावासाठी त्यांचा उपयोग निर्विवाद आहे, कारण नायमधून पहिला स्वच्छ स्वर काढण्यासच अनेक दिवस, क्वचित काही आठवडे लागतात. तथापि गाठींमुळे आतील पोकळीत निर्माण होणारे सूक्ष्म चढउतार आणि नळाच्या तंतूमय भिंतीचा स्पर्श प्लॅस्टिकमध्ये नसतो. व्यासपीठावरील वादक म्हणूनच आजही नळाचीच नाय पसंत करतात.

नळाच्या प्रदेशालाही अलीकडच्या काळात मोठे आघात सोसावे लागले. लेबनॉनमध्ये उगम पावून सीरियातील होम्स व हमा या शहरांवरून तुर्कस्तानातील अंताक्याकडे जाणारी ओरोन्तेस अथवा आसी नदी समांदाग येथे भूमध्य समुद्राला मिळते. तुर्कस्तानातील हताय प्रांताचा हा परिसर उत्तम नळासाठी ख्यात आहे. सीरियात २०११ पासून प्रदीर्घ युद्ध झाले आणि लक्षावधी नागरिकांना घरे सोडावी लागली. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी झालेल्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने अंताक्या शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला.

नळ मुळांपासून पुन्हा फुटतो. नदीकाठ काही ऋतूंत पुन्हा हिरवा होतो. नळ पारखणारी नजर मात्र एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कार्यशाळेत, हाताखाली काम करतानाच जाते. माणसे विखुरली की ती साखळी तुटते.

यावर काही प्रमाणात उपायही होत आहेत. औद या वाद्याची घडण व वादन यांचा २०२२ मध्ये इराण आणि सीरियाच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. केवळ वादनच नव्हे, तर वाद्य घडविण्याची कारागिरीही वारसा आहे, ही भूमिका त्यातून मान्य झाली. कैरोपासून दमास्कसपर्यंतच्या संगीतसंस्थांतून नायवादनाचे शिक्षण दिले जाते. वादक जितका जाणता, तितकी चांगल्या नायची मागणी वाढते आणि कारागिराचे हात चालू राहतात.

नायचे आयुष्य तडा जाईपर्यंतचे असते. नीट तेल दिलेली, रोज वाजविली जाणारी नाय अनेक वर्षे साथ देते आणि वापराने तिचा नाद अधिक मोकळा होतो, असा वादकांचा अनुभव आहे. ती तडकली की त्याच लांबीचा, त्याच जाडीचा, नऊ कांड्यांचा दुसरा नळ शोधावा लागतो. त्या शोधाची सुरुवात आजही हिवाळ्यात, नदीकाठच्या नळवनात, एकेका नळाची कांडी मोजण्यापासूनच होते.